थांबवलेला नाद : तारापूरचा वेढा, तातीच्या तारा आणि गिटारवादकाचा तळहात

१.
देवळात घंटा वाजवून लहान मूल लगेच तिच्या कडेला तळहात टेकवते आणि घुमणारा नाद क्षणात विरतो. मोठी माणसे डोळे वटारतात, मूल मात्र पुन्हा तेच करून पाहते. नाद काढणे ही एक क्रिया आणि नाद थांबवणे ही दुसरी, हे त्याला तेथे पहिल्यांदा उमगते. बोटांनी गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला पुढे हाच धडा नव्याने गिरवावा लागतो. तार छेडायला काही दिवसांत जमते. तार थांबवायला वर्षे लागतात. या थांबवण्याला स्वतःचा इतिहास आहे. त्याचा एक धागा पालघरच्या किनाऱ्यावरून जातो.

२.
जानेवारी १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजा उत्तर कोकणातील पोर्तुगीज ठाणी एकामागून एक घेत होत्या. केळवे-माहीम पडले. मग तारापूरच्या किल्ल्याला वेढा पडला. येथील झुंज कडवी झाली. बाजी भिवराव रेठरेकर याच लढाईत कामी आले. किल्ला जिंकला गेला आणि मे महिन्यात वसईनेही शरणागती पत्करली. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली होती. तेव्हापासून दोनशे वर्षे चाललेली ती राजवट या किनाऱ्यावरून उठली.

३.
विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठ्यांनी घाटावर नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. भीमाशंकरच्या देवळातील घंटा आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रचंड घंटा या त्याच मोहिमेची आठवण म्हणून आजही दाखवल्या जातात. घंटा ओतीव धातूची. तिला वाळवी लागत नाही, खाऱ्या वाऱ्याने ती तुटत नाही. म्हणून वसईच्या मोहिमेचा नाद आजही हाताने वाजवून ऐकता येतो.

४.
त्या राजवटीसोबत या किनाऱ्यांवर आणखीही नाद आले. फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा पिरार सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोव्यात राहिला होता. संध्याकाळी दारापुढे बसून गाणारे आणि गिटार छेडणारे पोर्तुगीज सैनिक त्याच्या प्रवासवर्णनात भेटतात. पातळ लाकूड, सरसाचे जोड आणि जनावराच्या आतड्याच्या तारा, असे ते वाद्य. कोकणाच्या दमट हवेत सरस सुटतो, आतडे कुजते, लाकूड वाळवी खाते. घंटा उरल्या, तारा गेल्या. दीर्घकाळ घुमणारी वस्तू इतिहासात टिकली आणि लवकर विरणारी विरून गेली.

५.
आतड्याच्या तारेला मराठीत ‘तात’ म्हणतात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला हीच तात असे. कापूस पिंजताना तिचा ‘टँव टँव’ आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना तातीचा स्वभाव ठाऊक आहे. ती जोरात बोलते आणि लगेच गप्प होते. आतड्याच्या तंतूंत अंतर्गत घर्षण जास्त असते, त्यामुळे कंपनाची शक्ती लवकर खर्च होते. धातूच्या तारेत हे घर्षण पुष्कळ कमी असते, म्हणून ती बराच वेळ घुमत राहते. पुढची सारी कहाणी या एका फरकावर उभी आहे.

६.
आधी अडचण नेमकी कोणती, ते पाहू. फिंगरस्टाइल म्हणजे नखीऐवजी बोटांनी केलेले गिटारवादन. अंगठा खालचे, म्हणजे मंद्र स्वर सांभाळतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वरची धून व मधले स्वर काढतात. एकच माणूस दोघा-तिघांचे काम करत असतो. पडद्यावर बोट दाबून काढलेला स्वर बोट उचलले की बहुतेक थांबतो. मोकळी तार मात्र कोणाच्याही बोटाखाली नसते. ती छेडली की तिच्या मर्जीने थांबते.

७.
समजा, अंगठ्याने सहावी मोकळी तार छेडली. ती सुमारे ८२ हर्ट्झचा मंद्र ‘ई’ देते. पुढच्या मात्रेला स्वरसंघ बदलला आणि चौथ्या तारेवरचा ‘डी’ आधारस्वर झाला. पण सहावी तार अजून घुमतेच आहे. कानाला आता दोन तळ ऐकू येतात, एक चालू आणि एक शिळा. दोन्ही मिसळून गढूळ गुंजन होते. वादकाने एकही स्वर चुकीचा वाजवलेला नसतो. फक्त आधीचा स्वर वेळेवर निरोप घेत नाही. त्याला निरोप देणे म्हणजेच म्यूटिंग, तार थांबवणे.

८.
येथे एक प्रश्न उभा राहतो. आपल्या संगीतात तंबोऱ्याच्या चार तारा मैफलभर घुमत असतात. त्यांना कोणीच थांबवत नाही. उलट मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी लावतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, ते नाद अधिक काळ आणि अधिक भरीव घुमावा म्हणूनच. मग गिटारीलाच थांबण्याची सक्ती का?

९.
उत्तर संगीताच्या रचनेत आहे. रागसंगीतात षड्ज बदलत नाही. गायक कोठेही फिरून आला तरी पायाखालची जमीन तीच असते, त्यामुळे मागचा घुमणारा स्वर पुढच्या स्वराशी भांडत नाही. युरोपीय संगीतात स्वरसंघ बदलतात आणि त्यांच्याबरोबर तळही बदलतो. जमीनच सरकत असेल तर मागची जमीन वेळीच काढून घ्यावी लागते. एका व्यवस्थेत घुमणे हा आधार ठरतो, दुसरीत तेच घुमणे अडथळा बनते. तार मात्र दोन्हीकडे तारच असते.

१०.
पालघर जिल्ह्यातील वाद्ये याच पहिल्या व्यवस्थेतील आहेत. तारपा हे भोपळ्याचे आणि बांबूच्या नळ्यांचे सुषिर वाद्य. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून त्याचा सूर नाच चालू असेतो तुटत नाही. जव्हार-डहाणू पट्ट्यातील आदिवासी समाजांत घांगळी हे तंतुवाद्य आहे. बांबूची दांडी, तिला खाली बांधलेले भोपळे आणि वर ताणलेल्या तारा. तारा छेडल्या की भोपळ्यांत घुमतात आणि कथा सांगणाऱ्याचा आवाज त्या घुमण्यावर उभा राहतो.

११.
म्हणजे आपल्या वाद्यांना थांबणे ठाऊकच नव्हते, असे नाही. तबल्यात खुले बोल आणि बंद बोल असा भेदच आहे. ‘ना’ किंवा ‘गे’ यांत पुडी मोकळी घुमते. ‘ते’ किंवा ‘क’ यांत बोटे अथवा तळहात पुडीवर टेकून नाद तेथेच मिटवतात. वसईच्या ख्रिस्ती समाजात आणि गोव्यात वाजणाऱ्या घुमटाला मातीच्या घड्याचे एक तोंड मोकळे असते. ते तळहाताने झाकत-उघडत वादक नाद कमीजास्त करतो. तालवाद्यांनी ही विद्या पूर्णत्वाला नेली. तंतुवाद्यांना तिची निकड कमी होती, एवढेच.

१२.
तार थांबवण्याची युक्ती गिटारीपेक्षा फार जुनी आहे. इथिओपियाच्या ‘क्रार’ या वाद्यात उजवा हात सगळ्या तारांवरून एकदम फिरतो आणि डाव्या हाताची बोटे नको असलेल्या तारांना स्पर्श करून गप्प ठेवतात. ज्या तारांवर बोट नाही, तेवढ्याच ऐकू येतात. प्राचीन ग्रीक मृत्पात्रांवरील चित्रांतही वादकाचा डावा हात तारांमागे बोटे पसरून असलेला दिसतो, तो याच कामात असावा असे अभ्यासक मानतात. यात नको असलेले स्वर झाकले की हवे असलेले आपोआप उरतात.

१३.
आता स्पेन-पोर्तुगालकडे. वसईच्या तहानंतर दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, व्हॅलेन्सिया येथे लुईस मिलान याचे ‘एल मायस्त्रो’ हे पुस्तक छापले गेले. व्हिउएला या गिटारीच्या नातलग वाद्यासाठी छापलेले हे पहिले पुस्तक. वाद्याच्या तारा तातीच्या, पडदेही तातीचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. स्वर लवकर विरत असल्यामुळे वादकापुढची चिंता उलटी होती: नाद थांबवावा कसा यापेक्षा तो लांबवावा कसा.

१४.
याचा सुंदर पुरावा १५४६ चा आहे. अलोन्सो मुदारा याने आपल्या संग्रहात लुडोविको नावाच्या हार्पवादकाच्या ढंगाची नक्कल करणारी एक रचना दिली. हार्पच्या तारा एकमेकींत मिसळत घुमतात, तो परिणाम त्याने शेजारशेजारचे स्वर वेगवेगळ्या तारांवर काढून साधला. पुढे गास्पार सान्झ याच्या १६७४ च्या ग्रंथात ‘कांपानेला’, म्हणजे छोट्या घंटा, ही पद्धत येते. एकाच तारेवर सलग स्वर काढण्याऐवजी ते वेगवेगळ्या तारांवर वाटायचे, म्हणजे घंटांसारखे ते एकमेकांवर ओघळतात. तातीच्या काळात स्वरांची सरमिसळ हे भूषण होते.

१५.
चित्र पालटले ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. जाड तातीची मंद्र तार ताठर असे आणि तिचा आवाज बोथट येई. म्हणून तिच्या जोडीला सप्तकाने चढी बारीक तार लावत. १६६० च्या दशकात इंग्लंडात एका नव्या तारेची जाहिरात होऊ लागली. बारीक तातीवर किंवा रेशमावर धातूचा तलम तार गुंडाळायचा. वजन वाढते, जाडी वाढत नाही. खालचे स्वर एकाएकी स्वच्छ, खणखणीत आणि लांब घुमणारे झाले. ज्याची वाट पाहिली ते वरदान मिळाले आणि त्याबरोबर नवी डोकेदुखीही आली.

१६.
१६७६ मध्ये टॉमस मेस या इंग्रज ल्यूटवादकाने ‘म्युझिक्स मॉन्युमेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अलंकारांची यादी देताना त्यात ‘टट’ नावाचा एक प्रकार येतो. एका बोटाने तार छेडायची आणि लगेच पुढच्या बोटाने तीच तार झाकायची. स्वर ‘टट्’ असा तुटतो. थांबवणे हे येथे दोष झाकण्याचे साधन राहिलेले नाही. त्याला नाव मिळाले आहे आणि मींड किंवा कंप यांच्या पंगतीत मानाने जागा मिळाली आहे.

१७.
त्यानंतर काही वर्षांनी, १७०० च्या सुमारास, फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने पियानो घडवला. त्यात प्रत्येक स्वराच्या तारांवर एक मऊ ठोकळा टेकलेला असतो. पट्टी दाबली की ठोकळा उचलला जातो, पट्टी सोडली की परत तारांवर बसतो आणि नाद मिटतो. हार्पसिकॉर्डमध्येही अशी सोय आधीपासून होती. वाद्य बनवणाऱ्यानेच थांबवण्याचे काम यंत्राकडे सोपवले. गिटारीला असे यंत्र कधीच मिळाले नाही. तिचा ठोकळा म्हणजे वादकाचा हात. दर वादकाला तो स्वतः घडवावा लागतो.

१८.
कागदाचाही यात वाटा आहे. जुन्या काळी तंतुवाद्यांचे संगीत टॅब्लेचर या लिपीत लिहीत. कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे, ते टॅब्लेचर सांगते. पुढची क्रिया किती वेळाने करायची, तेही सांगते. पण छेडलेला स्वर कधी संपवायचा, हे ते सांगत नाही. स्वराचा जन्म नोंदला जातो, मृत्यू नोंदला जात नाही. तो ठरवणे गुरूच्या हाताकडे पाहून शिकायची गोष्ट होती.

१९.
अठराशेच्या आसपास गिटारीने आजचे रूप घेतले: सहा एकेरी तारा. तिचे संगीतही पंचरेषांवर, वेगवेगळे आवाज वेगळे दाखवून लिहिले जाऊ लागले. वरच्या धुनीचे दांडे वर, मंद्र स्वरांचे दांडे खाली. आता मंद्र स्वरापुढे विरामचिन्ह असेल तर अर्थ स्पष्ट होता. वरची धून चालू राहू द्या आणि खालची तार येथे थांबवा. कागदाने पहिल्यांदा अंगठ्याला थांबण्याची आज्ञा दिली.

२०.
या लेखनाचा मोठा कारागीर म्हणजे बार्सिलोनात जन्मलेला फर्नांदो सोर (१७७८–१८३९). १८३० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या गिटारशिक्षणाच्या ग्रंथात तो दाबलेल्या स्वरांची चर्चा करतो. त्यासाठी उजवा हात त्याला नको असतो. त्याचा मार्ग डाव्या हाताचा: बोट पडद्यापाशीच ठेवायचे, पण नेहमीपेक्षा कमी जोराने, इतक्या हलकेही नाही की स्वयंभू स्वर निघावा. पूर्ण दाब आणि नुसता स्पर्श यांच्या मधली ती अरुंद वाट आहे. दोनशे वर्षांनंतरही विद्यार्थी ती चाचपडतच शोधतात.

२१.
विसाव्या शतकात तारांचा स्वभाव पुन्हा बदलला. अमेरिकेत १९२० च्या दशकात पोलादी तारांच्या गिटारी सर्रास झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कचा वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टिन याने आंद्रेस सेगोव्हियाच्या पाठिंब्याने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या आणि अभिजात गिटारीवरून तात हद्दपार झाली. तारा टिकाऊ झाल्या, स्वस्त झाल्या, सुरात राहू लागल्या. पोलादी तार तर आता इतकी घुमे की तिला आवरणे हेच वादकाचे अर्धे काम झाले.

२२.
आवरण्याची एक नामी रीत अमेरिकेतील केंटकी राज्याच्या कोळसा खाणींच्या मुलखात रुजली. आर्नोल्ड शुल्ट्झ (१८८६–१९३१) हा कृष्णवर्णीय वादक तेथे गावोगाव फिरे. त्याच्याकडून केनेडी जोन्सने अंगठ्याचे वादन उचलले, जोन्सकडून मोझ रेगरने, आणि रेगर व आइक एव्हर्ली यांच्याकडून मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) याने. तळहाताची कड घोडीजवळ मंद्र तारांवर अलगद टेकवायची. अंगठ्याचे स्वर मग ढोलकासारखे ‘धप्-धप्’ येतात आणि त्यांच्यावर तर्जनी मोकळ्या तारांवर धून वाजवते. एका गिटारीत ठेकाही आला आणि गाणेही.

२३.
ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकून टेनेसीचा तरुण चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) भारावला. हात दिसत नव्हता. ट्रॅव्हिसचे काम मुख्यतः अंगठा आणि तर्जनी यांवर चाले. ॲटकिन्सने मात्र ऐकलेल्या स्वरांवरून अंदाज बांधत अंगठ्यासह अधिक बोटे वापरणारी स्वतःची रीत घडवली. आज जगभरचे फिंगरस्टाइल वादक या दोघांचे ऋण मान्य करतात. ज्याच्यापासून ही परंपरा सुरू झाली, त्या शुल्ट्झचे मात्र एकही ध्वनिमुद्रण झाले नाही. त्याचा तळहात तारेवर नेमका कोठे टेकत असे, ते शिष्यांच्या हातांतच उरले.

२४.
भारतात गिटार दोन वाटांनी पसरली आणि त्या दोन वाटा आठव्या मुद्द्यातील प्रश्नाचे उत्तर पक्के करतात. पहिली वाट रागसंगीताची. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार रागदारीत आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका सर्वश्रुत आहे. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडल्या. गिटार षड्जाच्या घरात आली आणि तिला लगेच न थांबणाऱ्या तारा मिळाल्या.

२५.
दुसरी वाट स्वरसंघांची. गोव्यातील पॅरिश शाळांत पोर्तुगीज काळापासून संगीत शिकवले जाई. तेथे तयार झालेले वादक मुंबईच्या नृत्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. चर्चमधील भजने, लग्नातील बँड, सिनेमाची गाणी, अशा मार्गाने मांडीवर उभी धरलेली गिटार कोकणपट्टीच्या घराघरांत पोहोचली. या वाटेवर तळ बदलत राहतो. म्हणून या वाटेवरच्या वादकाला तार थांबवणे शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

२६.
आज ही वाट तारापूरच्याच परिसरातून जाते. १९६९ मध्ये येथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरला देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे आली. तेथे गिटार शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हवी ती धून टॅब्लेचरमध्ये मिळते. पण लिपी तीच आहे, जिची उणीव मिलानच्या काळापासून ठाऊक आहे. बोट कोठे ठेवायचे ते दिसते; स्वर कोठे संपवायचा ते दिसत नाही.

२७.
म्हणून शतकांनी जमवलेल्या युक्त्या थोडक्यात.
• पाचवी मोकळी तार घुमत असताना सहावी वाजवायची असेल तर अंगठा सहावी छेडून पुढे पाचवीवर विसावू द्यावा. ती आपोआप थांबते.
• उलट, सहावी घुमत असताना पाचवी छेडल्यावर अंगठ्याची पाठ मागे झुकवून सहावीला टेकवावी.
• डाव्या हाताचे दाबलेले बोट तारेवरून न उचलता फक्त सैल करावे.
• डाव्या बोटाचे टोक शेजारच्या तारेला किंचित भिडू द्यावे. नको असलेली तार झाकली जाते.
• ठेका हवा असेल तर तळहाताची कड घोडीजवळ टेकवावी. फार पुढे सरकली तर स्वर मरतो, फार मागे गेली तर तो थांबतच नाही.

२८.
यातील एकही हालचाल ऐकू येत नाही. चांगल्या वादकाची ही मेहनत श्रोत्याला कधीच कळत नाही. त्याला एवढेच वाटते की वादन स्वच्छ आहे. म्हणूनच तिची नोंद सहसा होत नाही. मेससारखा एखादा नाव देतो, सोरसारखा एखादा परिच्छेद लिहितो. बाकी सारे हाताकडून हाताकडे जाते आणि मध्ये एक पिढी तुटली की नाहीसे होते.

२९.
पालघरच्या संदर्भात हा धोका दूरचा नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) आणि इतर वारली चित्रकारांमुळे तारपा वाजवणारा माणूस व त्याच्याभोवतीचा नाचाचा फेर जगभरच्या भिंतींवर पोहोचला. चित्रात वाद्य दिसते, फेर दिसतो. वादकाचा श्वास कोठे वळतो, घांगळीवाल्याचे बोट तारेवरून कसे उठते, हे चित्र सांगू शकत नाही. वाद्य संग्रहालयात ठेवता येते, हात ठेवता येत नाही.

३०.
शुल्ट्झच्या काळी खेडोपाडी ध्वनिमुद्रण दुर्मीळ होते. आज प्रत्येक खिशात चलच्चित्र टिपणारे यंत्र आहे. घरातील, पाड्यावरील किंवा चर्चमधील जुन्या वादकांचे वादन टिपताना चेहरा बाजूला ठेवून दोन्ही हात जवळून टिपावेत, आणि स्वर विरून जाईपर्यंत टिपणे बंद करू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने करावे असे हे साधे, बिनखर्चाचे काम आहे.

३१.
भीमाशंकरची घंटा आणखी दोन-तीनशे वर्षे वाजेल. तिची काळजी धातू घेतो. तारापूर-वसईच्या किनाऱ्यावर कधीकाळी छेडलेल्या तातीच्या तारांची काळजी घेणारे कोणी नव्हते. आज त्याच किनाऱ्यावर कोणाचा तरी अंगठा सहाव्या तारेवरून निघून पाचवीवर अलगद विसावतो आणि एक स्वर वेळेवर संपतो. तो संपला म्हणूनच पुढचा स्वच्छ ऐकू येतो.

(समाप्त)